कुत्र्याचें म्हातारपण

श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं 10-12 वर्षांचा कुत्रा आहे, त्यांना एक सोयीचें निदान परिचयाचें असेल. पाणी फार पितो, म्हातारा झाला. डोळ्यांत ढग आले, म्हातारा झाला. जिना चढत नाहीं, तेंहि वयामुळेंच. परंतु उतारवयांत व्याधि क्वचितच एकटी येते, आणि एकीमागून दुसरी आली तर त्या दोहोंत पुष्कळदां कार्यकारणाचा धागा असतो.

मधुमेहाचेंच पाहावें. तो जडलेल्या कुत्र्यांपैकीं बहुतेकांना वर्ष-सव्वा वर्षांत मोतीबिंदु होतो. रक्तांतली वाढलेली साखर डोळ्याच्या भिंगांत उतरते. तेथें तिचें सॉर्बिटॉल नांवाच्या पदार्थांत रूपांतर होतें. हा पदार्थ भिंगाबाहेर सहजीं पडत नाहीं. तो पाणी ओढून घेतो, भिंग फुगतें, त्याचे तंतु विस्कटतात आणि कांचेसारखें स्वच्छ भिंग दुधाळ बनतें. मधुमेही मांजराच्या वांट्यास मात्र हें क्वचितच येतें. अर्थात् म्हाताऱ्या कुत्र्याच्या डोळ्यांतली प्रत्येक निळसर झांक मोतीबिंदु नव्हे. ती पुष्कळदां खरोखरीच नुसत्या वयाची असते, व तिनें दृष्टि फारशी अडत नाहीं. हा भेद पशुवैद्यानेंच करावयाचा.

मूत्रपिंडांचा मार्ग निराळा. तीं निकामी होऊं लागलीं कीं रक्तदाब चढूं शकतो. तो दाब डोळ्याच्या पडद्यास सोसला नाहीं, तर काल सायंकाळीं चेंडू झेलणारा कुत्रा आज सकाळीं दाराच्या चौकटीवर आदळतो. त्यांत सांधेदुखीची भर पडली म्हणजे खरी पंचाईत. लंगडतो म्हणून माणसांची आयबुप्रोफेनची गोळी प्रेमानें पोळींत घालून देणारीं घरें आहेत. ती गोळी कुत्र्याच्या जठरांत व्रण पाडूं शकते आणि दुबळ्या मूत्रपिंडांवर आघात करते. कुत्र्यासाठींच दिलेलें वेदनाशामकहि रक्त तपासल्यावांचून दीर्घकाळ चालवूं नये.

अमेरिकेंत 2019 सालीं लोकांस खुल्या झालेल्या ‘डॉग एजिंग प्रोजेक्ट’ या उपक्रमांत हजारों मालकांनीं आपापल्या कुत्र्यांच्या प्रकृतीची माहिती नोंदविली, ती अशाच सांखळ्या शोधण्यासाठीं. माणसाच्याच घरांत राहणारा हा प्राणी थोड्या वर्षांत म्हातारा होतो. त्यामुळें त्याच्या वार्धक्यांत माणसाच्या वार्धक्याचाहि माग काढतां येतो.

घरबसल्या करतां येण्याजोगी एक तपासणी आहे, ती तहानेची. मधुमेह आणि मूत्रपिंडांचा विकार, दोहोंतहि तहान वाढते. सकाळीं भांड्यांत पाणी मोजून भरावें, दुसऱ्या सकाळीं उरलेलें मोजावें. 10 किलो वजनाचा कुत्रा दिवसांत 1 लिटरहून अधिक पाणी पीत असेल, तर त्याच्या लघवीचा नमुना स्वच्छ बाटलींत घेऊन पशुवैद्याकडे जावें, आणि जातांना डोळ्यांची व रक्तदाबाचीहि तपासणी मागावी.