डोंग्यात पाय ठेवण्याआधी

(मागच्या मासिक सभेत मी जे बोलले, तेच इथे लिहून दिलं आहे. मध्येच चहा आला आणि थोडं राहून गेलं होतं, तेही जोडलं आहे.)



आज बचतीचं रजिस्टर थोडा वेळ बाजूला ठेवू. अजेंड्यावर हा विषय सगळ्यात शेवटी, 'इतर विषय' म्हणून लिहिला होता. पण शेवटी आला की सगळ्यांना घरी जायची घाई असते, म्हणून आधीच घेते.

गोसेखुर्दच्या पाण्याकाठच्या गावांतल्या किती जणी डोंग्यात बसून पलीकडे कामाला जाता? हात वर करा. बघा, अर्ध्याहून जास्त. आता पोहता किती जणींना येतं? तीन. मलाही येत नाही. मी तुमसरची. समाजकार्याची पदवी घेतली, पण त्यात पाण्याचा धडा नव्हता. तो मला काठावर बसलेल्या एका मावशीने शिकवला, आणि मी तो लगेच ऐकला नाही, हे आधी कबूल करते.

गेल्या वर्षीचा मे महिना. पलीकडच्या गावातल्या गटाच्या कर्जाच्या कागदावर सह्या घ्यायच्या होत्या. दुपारचे साडेतीन झाले असतील. काठाचं पाणी एकदम शांत, ताटात ओतल्यासारखं. मावशी जाळं विणत बसली होती. म्हणाली, "पोरी, काठाचं पाणी पाहू नोको. मधातलं पाहा. अन् धुराकडे पाहा." मी पाहिलं. पलीकडच्या विटाभट्टीचा धूर सरळ वर न जाता आडवा झोपला होता. मधातलं पाणी काळपट दिसत होतं, आणि त्यावर कुठेकुठे पांढरं चमकत होतं. मला वाटलं, ऊन असेल. सह्या आजच पाहिजे होत्या. बसले.

मधात गेल्यावर बाजूने लाट आली आणि पाणी सरळ मांडीवर. डोंगेवाले दादा अनुभवी होते. त्यांनी डोंग्याचं तोंड लाटेकडे वळवलं आणि मला डब्याने पाणी उपसायला लावलं. मी एका हाताने कागदांची बॅग डोक्यावर धरली होती. आता हसू येतं, पण तेव्हा ती बॅग सोडायचंसुद्धा सुचलं नाही. पोहोचलो. सह्या झाल्या. परत येताना मी रस्त्याने आले, लांबून, रात्री.

तेव्हापासून मी हे समजून घेत आहे. काठावर पाणी शांत का असतं? झाडं, बांध, घरं वारा अडवतात. शिवाय लाट एकदम उभी राहत नाही. वारा किती जोराचा आहे, किती वेळ वाहतो आहे आणि त्याला किती लांब मोकळं पाणी मिळालं, या तिन्हींवर लाट ठरते. वारा आपल्या काठाकडून पलीकडे वाहत असेल, तर आपल्या पायाशी लाट नसतेच. ती वाढत वाढत मधात आणि पलीकडच्या काठाला मोठी होते. म्हणजे आपण उभ्या असतो तिथून पाणी सगळ्यात चांगलं दिसतं आणि उतरायचं असतं तिथे ते सगळ्यात वाईट असतं.

तुमच्या सासूबाईंच्या काळी ही नदी होती. वैनगंगेची ओढ त्यांना माहीत होती, पुराची खूण माहीत होती. गोसेखुर्दची पायाभरणी १९८८ साली झाली, पुढे पाणी अडलं आणि पात्र पसरलं. नदीत नाव घालणाऱ्याचं सगळं ज्ञान इथे चालत नाही, कारण आता वाऱ्याला धावायला जागा मिळाली आहे. लांबीला तर फारच. वारा या पाण्याच्या लांबीने वाहतो त्या दिवशी हा जलाशय छोटा समुद्रच समजा. त्यात पाण्याखाली गेलेल्या झाडांची खोडं असतात, आणि लाट असली की ती दिसत नाहीत.

समुद्रावर तर वारा मोजायची जुनी पद्धत आहे. इंग्रजांच्या आरमारात ब्यूफोर्ट नावाचा अधिकारी होता. त्याने १८०५ च्या सुमारास वाऱ्याच्या जोराला ० ते १२ अशा पायऱ्या लावल्या. पुढे प्रत्येक पायरीला पाणी कसं दिसतं तेही त्यात आलं. तिसऱ्या पायरीला, म्हणजे ताशी १२ ते १९ किलोमीटरच्या वाऱ्याला, लाटांची टोकं फुटायला लागतात आणि कुठेकुठे पांढरा फेस दिसतो. चौथीला, २० ते २८ ला, फेस बऱ्याच जागी. मावशीने मला दाखवलं ते हेच. तिने ब्यूफोर्टचं नाव ऐकलेलं नाही, पण दोघांची खूण एकच. आणि त्याची जहाजं केवढी, आपला डोंगा केवढा! म्हणून आपल्यासाठी सोपं ठेवू: मधात पांढरं दिसलं की बसायचं नाही.

आता मोबाइलकडे या. हवामान खात्याचं 'मौसम' ॲप आहे. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राकडून पुढच्या तीन तासांचा जिल्ह्याचा इशाराही येतो. त्यात लिहिलेलं असतं, "ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगाने सोसाट्याचा वारा." आपण वाचतो आणि आंब्याची काळजी करतो. पण चौथी पायरी २८ ला संपली, हे आठवा. ३० ते ४० म्हणजे पाचवी-सहावी. त्या तीन तासांत पाण्यावर जाणं नाहीच. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएमचं 'दामिनी' ॲप आहे, ते आपल्या भोवती २० आणि ४० किलोमीटरच्या घेऱ्यात वीज कुठे पडते ते दाखवतं. रेंज नसेल तर कान आहेत. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज आपल्यापर्यंत येऊ शकते. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास झाल्याशिवाय निघू नका.

उन्हाळ्यातलं अवकाळी वादळ सगळ्यात फसवं. आधी उकाडा, पान हलत नाही. मग एका बाजूला काळं भरून येतं आणि पावसाच्या आधी एकदम गार वारा अंगावर येतो. तो गार झुळका आला म्हणजे वेळ संपलीच. सोलापूर आणि पुणे जिल्ह्यांच्या मधात उजनी धरण आहे. २१ मे २०२४ ला संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीला बोट निघाली होती. रोजचा रस्ता, रोजची बोट. वादळी वारा सुटला आणि बोट उलटली. सहा जणांचा जीव गेला, त्यात लहान लेकरंही होती. एकजण पोहत काठाला लागला. आणि आपल्याच वैनगंगेवर, खाली गडचिरोलीत, चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या बाया २३ जानेवारी २०२४ ला मिरची तोडायला निघाल्या होत्या. नाव उलटली. तुमच्यासारख्याच बाया, तुमच्यासारखंच काम, डब्यात भाजीभाकर.

जानेवारी म्हटलं की अजून एक. थंडीत सकाळी धुकं असतं. पलीकडचा काठ दिसत नसेल तर दिसेपर्यंत थांबायचं. पावसाळ्यात वरून मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी सुटतं, खाली गोसेखुर्दचे ३३ दरवाजे कमी-जास्त उघडतात. ऑगस्ट २०२० चा भंडाऱ्याचा पूर कोणी विसरलेलं नाही. पाणी सोडल्याची दवंडी किंवा मेसेज आला की त्या दिवशी विषयच संपला.

आता बसण्याचं. सगळ्या बसल्यावर डोंग्याची कड पाण्याच्या किती वर राहिली ते पाहा. वीतभरही राहिली नसेल तर दोघीतिघी उतरा, दुसऱ्या फेरीला या. मिरचीची पोती आणि बाया एका फेरीत नको. जाताना रिकामा असलेला डोंगा येताना पोत्यांनी भरतो आणि वाराही दुपारनंतरच वाढतो, म्हणून सकाळी ठीक वाटलेला डोंगा संध्याकाळी ठीक असेलच असं नाही. उभं राहायचं नाही, फोटोसाठी तर नाहीच. लाट आली की सगळ्या एका बाजूला सरकता, ते करू नका. जागच्या जागी खाली वाका. साडीचा काष्टा घाला, पायातलं काढून ठेवा. लाइफ जॅकेट असेल तर अंगात घालून बांधा, बुडाखाली घेऊन बसू नका. नसेल तर तेलाची पाच लिटरची रिकामी कॅन, बूच घट्ट लावून, छातीशी दोरीने बांधा. ती जॅकेटची जागा घेत नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरी.

हे सगळं सांगून झाल्यावर सभेत एक ताई म्हणाली, "ताई, हे समजते जी आम्हाला. पण नाही म्हटलं तर मजुरी बुडते. अन् मुकादम दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाया नेते." मी गप्प झाले. खरं आहे ते. आम्ही कार्यकर्त्या 'जाऊ नका' म्हणून मोकळ्या होतो, आमचा पगार महिन्याचा असतो.

म्हणून मी दोन गोष्टी मांडल्या. एक, नाही म्हणायचं तर एकटीने नाही, सगळ्यांनी. डोंग्यातल्या सगळ्या बाया थांबल्या तर मुकादमाला थांबावं लागतं, एकटी थांबली तर तिची जागा जाते. घाटावर रोज एक जण 'पाहणारी' ठेवू. तिने धूर, मधातलं पाणी आणि मोबाइल पाहायचा आणि सांगायचं. तिच्यावर कोणी चिडायचं नाही, वारा पडला आणि दिवस फुकट गेला तरीही. दुसरं, वाऱ्यामुळे बुडलेल्या दिवसासाठी गटाच्या बचतीतून बिनव्याजी उचल द्यायची. यावर एकमत झालं नाही. तीन गट हो म्हणाले. एका गटाच्या अध्यक्ष काकू म्हणाल्या की अशाने दर आठवड्याला कोणाला ना कोणाला वारा लागेल. त्यांचं म्हणणंही मी लिहून घेतलं आहे.

पुढच्या सभेत घाटावरच्या डोंगेवाल्या दादांनाही बोलावलं आहे. त्यांचंही पोट याच्यावर आहे, फेरी रद्द झाली की त्यांचीही कमाई जाते, ते बसल्याशिवाय ठरवून उपयोग नाही. येताना प्रत्येक गटाने तीन आकडे आणा: तुमच्या गावातून रोज किती बाया पलीकडे जातात, एका फेरीत किती बसतात आणि घाटावर जॅकेटं किती आहेत. फाटकी असतील तर ती वेगळी मोजा.