पिशवी काढल्यानंतरचे दुखणे

गर्भपिशवी काढली की ओटीपोटाचे दुखणे कायमचे संपते, हा समज सर्वस्वी खरा नाही. एंडोमेट्रिओसिस या विकारात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बीजांडकोश, आतडे, मूत्राशय यांवर वाढतात. पिशवी काढली तरी त्या मागे राहू शकतात. बीजांडकोश शाबूत असल्यास त्याच्या संप्रेरकांमुळे पुन्हा वाढूही शकतात.

पिशवी काढलेल्या स्त्रिया आपल्याकडे थोड्या नाहीत. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाली होती. अशी एखादी भगिनी ‘पुन्हा दुखते’ म्हणाली, तर तिला गप्प बसवू नये. शस्त्रक्रियेच्या कागदपत्रांसह तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. तिच्या दुखण्याचे कारण शोधणे अद्याप बाकी आहे.