लग्नाचा मांडव आणि गावचे तळे

विवाह हा आपल्या सोळा संस्कारांपैकी एक होय. संस्काराने वस्तू शुद्ध होते, असे आपण मानतो. मग ज्या मंगल कार्यानंतर दुसऱ्या दिवशी गावकुसाबाहेर उष्ट्या ताटांचा, पेल्यांचा व पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांचा ढीग साचतो, आणि त्यात गावची गुरे तोंड घालतात, त्या कार्याने नेमके काय शुद्ध झाले, हा विचार वधूवरांच्या वडीलधाऱ्यांनी करावयास नको काय?

आमचा तुमसर तालुका धानाचा. तुमसरची धानाची बाजारपेठ दूरवर प्रसिद्ध आहे. भंडारा जिल्ह्यास तलावांचा जिल्हा म्हणतात. कोहळी समाजाच्या जाणत्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या खपून बांधलेले तलाव आजही धानाच्या बांध्यांना पाणी पुरवितात. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, परंतु 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हे नाव मागे राहिले. लग्नाच्या तिथी बहुधा वैशाखात येतात, आणि नेमके तेव्हाच हे तलाव आटू लागलेले असतात. ज्या महिन्यात गावात पाण्याची टंचाई, त्याच महिन्यात पाण्याची सर्वांत अधिक उधळण, असा हा विपरीत योग आहे.

शाळामास्तरास शोभेल असे एक लहानसे गणित मांडतो. लग्नास हजार माणसे जमली आणि प्रत्येकाने पंचवीस ग्रॅम अक्षता टाकल्या असे धरू. पंचवीस किलो तांदूळ पायदळी गेला. एवढ्या तांदळासाठी सुमारे चाळीस किलो धान लागते. एक किलो धान पिकविण्यास सरासरी अडीच हजार लिटर पाणी लागते, असे भातशास्त्राचे अभ्यासक सांगतात. म्हणजे पाच मंगलाष्टकांच्या अवधीत आपण सुमारे एक लाख लिटर पाणी मातीस मिळविले! 'अक्षता' या शब्दाचा अर्थच अखंड, न मोडलेले तांदूळ. भटजींच्या हाती चार दाणे देऊन विधी पूर्ण होतो. इतरांनी फुलांच्या पाकळ्या वाहाव्या. उरलेला तांदूळ एखाद्या गरजू घरी पोचता करावा. या दानाने आशीर्वाद उणा होईल असे मला वाटत नाही.

आता पंगतीकडे वळू. 'पळसाला पाने तीन' ही म्हण आपण निराशेच्या स्वरात उच्चारतो; परंतु त्याच तीन पानांनी आपल्या पूर्वजांच्या पंगती उठल्या. फाल्गुनात पळस फुलतो, नंतर त्यास नवी पालवी फुटते, आणि ऐन लग्नसराईत पानांचा तुटवडा पडत नाही. पळसाची किंवा मोहाची पाने काडीने टाचून पत्रावळी व द्रोण करण्याचे काम रानाकाठच्या बायाबापड्यांच्या हातचे. थर्मोकोल आले आणि तो रोजगार बुडाला. जेवण आटोपले की पत्रावळ उकिरड्यात जाते आणि पुढील हंगामात खत होऊन शेतात परतते. थर्मोकोलचे ताट मात्र कुजत नाही. त्याचे तुकडे नाल्यातून तलावात आणि तलावातून वैनगंगेत जातात. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी अशा वस्तूंवर बंदी घातली, आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या प्लास्टिकच्या ताटवाट्या, पेले व चमचे देशभर निषिद्ध झाले. कायदा झाला, परंतु पंगतीचा वाढपी कायद्याचे पुस्तक घेऊन फिरत नाही. वधूपित्याचा आग्रहच तेथे कामास येतो. भंडाऱ्याची पितळी भांडी नावाजलेली आहेत. गावाने वर्गणी करून ताटे, पेले आणि पातेली एकदा घ्यावी व प्रत्येक कार्यास अल्प भाड्याने द्यावी. पाण्यास रांजण व डोणगा पुरे. बाटल्या येणारच नाहीत, मग त्यांचा ढीग कोठून व्हावा?

मांडवाविषयी एक सावधगिरी सांगावीशी वाटते. हिरवा मांडव म्हणजे गावच्या जांभळी आणि उंबर बोडके करणे नव्हे. रीतीपुरती एक डहाळी लावावी. सावलीस बांबू, तट्टे व पांढरे कापड घ्यावे, कारण बांबू तोडला तरी बेटातून पुन्हा वाढतो. वाजंत्रीचाही विचार व्हावा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत ध्वनिक्षेपकास मनाई आहे. शेजारी कोणी आजारी असेल, कोणाचे परीक्षेचे दिवस असतील, तर सनई-चौघडाच मंगल वाटतो.

येथे कोणी म्हणेल, "मास्तर, हे सगळे कंजूषपणाचे बहाणे आहेत. लोक काय म्हणतील?" या प्रश्नाचे उत्तर आपल्या महाराष्ट्राने केव्हाच दिले आहे. महात्मा फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापिला आणि त्याच वर्षाच्या २५ डिसेंबरला त्या पद्धतीने पहिला विवाह अत्यल्प खर्चात लागला. लोक तेव्हा पुष्कळ बोलले. आज ते कोणास आठवतात? आमच्या विदर्भाच्या संत गाडगेबाबांनी कीर्तनांतून सांगितले, की कर्ज काढून लग्न करू नका. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत लग्नातील उधळपट्टीवर कोरडे ओढले. या थोरांनी साधेपणा मागितला तो माणसाच्या अब्रूसाठी. आज तोच साधेपणा मातीच्या व पाण्याच्या अब्रूसाठी मागावा लागत आहे. दोन्ही मागण्या वेगळ्या नाहीत. धान विकून आलेल्या पैशांवर वर्षाचा संसार चालणारा शेतकरी जेव्हा सावकाराकडे जातो, तेव्हा त्याची जमीन आणि तलावातील पाणी दोन्ही एकाच मांडवात गहाण पडतात.

म्हणून नियोजन करणारांनी लग्नाच्या यादीतच चार ओळी लिहाव्या: पंगत किती माणसांची; पाणी कोठून; उष्टे कोठे जाईल; दोन गावांच्या पाहुण्यांसाठी एकच बस होईल काय. आहेरात न वापरली जाणारी टोपी-उपरणी देण्याऐवजी आंब्याचे वा कडुनिंबाचे रोप द्यावे. परंतु ते पावसाळ्यात लावून जगविण्याची जबाबदारी घेणारासच द्यावे.

श्रोतेहो, नवे जोडपे सात पावले चालते. त्या पावलांखालची भूमी आणि तिला भिजविणारे तळे शाबूत राहिले, तरच त्यांच्या लेकरांना तेथे घर करता येईल.