ईदच्या कपड्यांचे माप आणि अभ्यासाच्या खुर्चीचे माप

(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





आजच्या या मेळाव्यात मला पाल्याच्या अभ्यासाविषयी बोलण्यास सांगण्यात आले आहे. या विषयावर आपण दरवर्षी भाषणे ऐकता. अभ्यास का करावा, किती करावा, केव्हा करावा, हे सारे सांगून झाले आहे. मी आज एक साधा प्रश्न विचारणार आहे. आपले मूल घरी अभ्यासाला कोठे बसते? आणि ते ज्यावर बसते, ते त्याच्या मापाचे आहे काय?

रमजान ईद जवळ आली की आपण मुलांना शिंप्याकडे नेतो. गेल्या वर्षीचा सदरा यंदा आखूड झालेला असतो. शाळेत जाणारे मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढते, हे शिंप्याची टेप आपल्याला न चुकता सांगते. बापाचा सदरा मुलाच्या अंगात घालून आपण त्याला ईदगाहवर नेत नाही. पण बापाच्या मापाच्या खुर्चीवर त्याच मुलाला आपण रोज दोन-दोन तास बसवतो आणि वर म्हणतो, 'नीट बस!' कपड्याचे माप चुकले तर चार लोक हसतात, म्हणून आपण काळजी घेतो. बसण्याचे माप चुकले तर कोणी हसत नाही. मूल मात्र अभ्यासावरून उठून जाते आणि आपण त्याला आळशी ठरवतो.

या चुकीत मीही आहे, हे प्रथम कबूल करतो. माझ्या वर्गात पाचवीतला एक मुलगा होता. तो सदा चुळबुळ करायचा. कधी बाकाच्या कडेवर येऊन बसायचा, कधी एक पाय दुमडून त्यावर बसायचा. मी त्याला अनेकदा उभे केले, दोन वेळा वर्गाबाहेरही काढले. एके दिवशी माझा खडू खाली पडला. तो उचलण्यासाठी वाकलो तेव्हा दिसले की त्याचे पाय जमिनीला लागतच नव्हते. बाकाची कड त्याच्या मांड्यांना खालून काचत होती. ज्याला मी खोड्या समजत होतो, तो त्या मुलाने आपल्या पायांसाठी शोधलेला उपाय होता. त्या दिवशी मला स्वतःचीच शरम वाटली.

पुढे वाचन केले तेव्हा कळले की ही गोष्ट जाणत्यांनी फार पूर्वी ओळखली होती. जर्मनीतील ब्रेस्लाऊ शहरातील (हे शहर आज पोलंडमध्ये आहे) नेत्रवैद्य हर्मान कोन यांनी १०,०६० शाळकरी मुलांचे डोळे तपासून १८६७ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. इयत्ता वाढत जाते तसे लांबचे अंधुक दिसणाऱ्या मुलांचे प्रमाण वाढत जाते, असे त्यांना आढळले. त्याचा दोष त्यांनी अपुरा उजेड आणि मुलांना पुस्तकावर वाकायला लावणारी बाके यांना दिला. पुढे १९७० च्या दशकात डेन्मार्कमधील शल्यचिकित्सक ए. सी. मांडाल यांनी परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्यांची छायाचित्रे घेतली. मुले खुर्ची पुढच्या दोन पायांवर कलती करून लिहीत होती! आपण शिक्षक जिला बेशिस्त म्हणतो, ती मुलांची पाठ सरळ ठेवण्याची धडपड आहे, असे मांडाल यांचे म्हणणे होते. सपाट टेबलापेक्षा थोडे उतरते टेबल बरे, हेही त्यांनी आग्रहाने मांडले.

उतरते टेबल ही आपल्याला नवी गोष्ट आहे काय? मक्तबमध्ये मूल सिपारा वाचते तेव्हा तो रेहलवर असतो. रेहल आपण आदरासाठी ठेवतो, हे खरेच. पण त्यामुळे पुस्तक उंच येते, वाचणाऱ्याकडे कलते आणि मुलाची मान फार वाकत नाही. जुन्या पेढ्यांवरचे दिवाणजी मांडी घालून बसत आणि पुढ्यात उतरत्या झाकणाची लाकडी पेटी घेऊन दिवसभर हिशेब लिहीत. तेव्हा जमिनीवर बसणे वाईट, असे मी मुळीच म्हणणार नाही. वाईट आहे ते जमिनीवर पुस्तक ठेवून त्यावर ओणवे होणे, आणि पलंगावर पालथे पडून लिहिणे. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा मोबाईल मांडीवर ठेवून मान खाली घालून शिकण्याची सवय मुलांना लागली. शाळा उघडल्या, पण सवय अनेक घरांतून गेलेली नाही.

आता एका घरची हकीकत सांगतो. घराचा पत्ता देणार नाही, कारण ते घर आपल्यापैकी कोणाचेही असू शकते. वडील आखातात नोकरीला. सुटीवर आले तेव्हा त्यांनी मुलासाठी मोठी फिरती खुर्ची आणि टेबल आणले. खुर्चीला चाके, हात टेकायला दांड्या, उंच पाठ. मुलगा पाचवीत. मी सहज भेटीला गेलो तेव्हा खुर्चीवरचे प्लॅस्टिकसुद्धा निघाले नव्हते. अम्मी म्हणाल्या, "सर, याच्या अब्बांनी एवढा खर्च केला, पण हा बसेल तर शप्पथ! पाहावे तेव्हा पलंगावर लोळून वाचतो."

मी शिवणकामाची टेप मागितली. मुलाच्या गुडघ्यामागच्या खाचेपासून तळपायापर्यंत माप भरले ३४ सेंटिमीटर. खुर्ची अगदी खाली केली तरी बैठक ४५ सेंटिमीटरवर राहत होती. म्हणजे मुलाचे पाय एक वीतभर नसले तरी चांगले चार बोटांहून अधिक अधांतरी! मागे टेकावे तर गुडघे वाकत नाहीत, पुढे सरकावे तर पाठीला आधार नाही, आणि जरा जोर दिला की चाके पळतात. मी त्या माउलीला म्हटले, "तुमचा मुलगा आळशी नाही. खुर्ची त्याची नाही, एवढेच."

मग मी विचारले, "याची मोठी बहीण दहावीला आहे ना? ती कोठे बसते?"

क्षणभर कोणी बोलले नाही. मग दादी म्हणाल्या, "ती बसते कुठेही."

बंधू-भगिनींनो, 'कुठेही' हा शब्द मी तेव्हापासून विसरलेलो नाही. कुठेही म्हणजे स्वयंपाकघरात भांडी आवरून झाल्यावर ओट्याशी उभे राहून. कुठेही म्हणजे सगळे निजल्यावर दाराच्या उंबऱ्यात बाहेरच्या दिव्याखाली. त्या घरात मुलीवर प्रेम नव्हते असे नाही. तिच्या फीचे पैसे वेळेवर येत होते, तिच्या गुणांचे कौतुकही होते. फक्त तिला बसायला जागा लागते, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

मी तिचेही माप घेतले. गुडघ्यामागून तळपायापर्यंत ४० सेंटिमीटर. टेबल ७२ सेंटिमीटर उंच होते. खुर्ची ४८ पर्यंत वर घेतली तेव्हा तिची कोपरे टेबलाच्या किंचित खाली आली. लिहायला हीच उंची योग्य. पायाखाली ८ सेंटिमीटरचा लाकडी पाट ठेवला. दांड्या टेबलाला अडत होत्या, त्या स्क्रू काढून सोडवल्या. खुर्ची तिला अशी बसली की जणू तिच्यासाठीच आणली होती. मुलासाठी माळ्यावरचे जुने मेज काढले. गावच्या सुताराने त्याचे पाय कापून ५५ सेंटिमीटरवर आणले आणि उरलेल्या लाकडातून ३४ सेंटिमीटर उंचीची पाठ असलेली छोटी खुर्ची करून दिली. अब्बांना फोनवरून हे कळवले तेव्हा ते आधी जरा गप्प झाले. मग म्हणाले, "टेप काय म्हणते ते खरे." मला वाटते, या विषयावरचे उत्तम भाषण त्यांनीच केले. टेपला मुलगा-मुलगी कळत नाही, खुर्चीची किंमतही कळत नाही.

तर ही मापे कशी घ्यावीत ते सांगतो. पालकांनी घरी गेल्यावर आजच घ्यावीत.

पहिले माप बैठकीच्या उंचीचे. गुडघ्यामागच्या खाचेपासून जमिनीपर्यंत जेवढे अंतर, तेवढीच बैठक उंच असावी, किंवा बोटभर कमी. दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत. युरोपातील शालेय फर्निचरच्या मानकात ११९ ते १४२ सेंटिमीटर उंचीच्या मुलाला ३५ सेंटिमीटरची बैठक व ५९ चे टेबल, आणि १३३ ते १५९ उंचीच्या मुलाला ३८ ची बैठक व ६४ चे टेबल सांगितले आहे. दोन्ही गटांत बसणाऱ्या मुलाचे पाय पाहून ठरवावे. मात्र तेथे मुले बूट घालून बसतात, आपल्या घरात अनवाणी. म्हणून आपण एक-दोन सेंटिमीटर कमीच धरावे.

दुसरे माप बैठकीच्या खोलीचे. मुलाने पाठ टेकून बसावे. तेव्हा बैठकीची पुढची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांच्यामध्ये दोन-तीन बोटे सहज गेली पाहिजेत. जात नसतील तर पाठीमागे घट्ट उशी किंवा गुंडाळलेली चादर ठेवावी. कमरेच्या पोकळीला आधार मिळतो तो वेगळाच फायदा. बैठकीची पुढची कड गोल घासलेली असावी.

तिसरे माप टेबलाचे. खांदे सैल सोडून कोपर वाकवले असता टेबल कोपराच्या बरोबरीने किंवा दोन-तीन बोटे वर असावे. टेबल उंच असले की खांदे कानाशी जातात, आणि ठेंगणे असले की पाठ वाकते. टेबल बदलता येत नसेल तर क्रम लक्षात ठेवा. आधी टेबलाला पाहून बैठक वर घ्या, मग पाय अधांतरी राहतील तर त्यांच्याखाली पाट, फळी किंवा घट्ट बांधलेला रद्दीचा गठ्ठा द्या.

ज्या घरात खुर्ची ठेवायला जागाच नाही, तेथे चटईवर बसवून पुढ्यात कोपराच्या उंचीचा चौरंग ठेवावा. वाचताना पुस्तकाखाली उतरती फळी घ्यावी. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाला उजेड डावीकडून यावा, डावखुऱ्याला उजवीकडून.

खुर्ची विकत घ्यायची झालीच तर मुलाला दुकानात बरोबर न्या आणि टेपही न्या. खुर्चीवर मोठमोठी नावे छापलेली असतात. त्याने भुलू नका. बैठक मुलाच्या गुडघ्याइतकी खाली येते काय, आणि पुढील तीन-चार वर्षे वर घेता येईल काय, एवढे दोन प्रश्न विचारा. लहान मुलाला चाके नकोत आणि गरगर फिरणेही नको.

एक गोष्ट घाबरवण्यासाठी सांगितली जाते, ती मी सांगणार नाही. वाकून बसल्याने पाठीचा कणा कायमचा वाकडा होतो, अशी भीती मुलांना घालू नका. वाढत्या वयात कणा एका बाजूला वळण्याचा जो विकार होतो, तो बसण्याच्या सवयीमुळे होत नाही. पाठ वारंवार दुखत असेल किंवा एक खांदा वर दिसत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. आपला मुद्दा साधा आहे. अवघडून बसलेले मूल शरीराकडे लक्ष देते, पुस्तकाकडे देऊ शकत नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठीही दोन शब्द. कितीही चांगली खुर्ची असली तरी तिच्यावर तासन् तास चिकटून बसू नका. अर्ध्या तासाने उठा, पाणी प्या, चार पावले चाला, मग पुन्हा बसा. आणि असरनंतर मगरिबपर्यंत जेवढा वेळ मिळेल तेवढा उघड्यावर खेळा. दिवसाच्या उजेडात घालवलेला वेळ डोळ्यांच्या दृष्टीने लाभाचा आहे, असे आजचे नेत्रवैद्य सांगतात. आणि पाय टेकत नसतील, मान दुखत असेल, तर घरी आणि वर्गातही सांगा. ती तक्रार नव्हे, ते माप आहे. मीही आता प्रत्येक वर्षाच्या आरंभी मुलांना बाकांवर बसवून आधी त्यांचे पाय पाहतो आणि त्याप्रमाणे जागा देतो. ठेंगण्या मुलांच्या पायाखाली फळ्या ठेवल्या आहेत. चुळबुळ पूर्ण थांबली नाही, पण मुलांना उभे करण्याची वेळ कमी येते.

पालकांनो, आपल्या समाजात शिक्षणासाठी खर्च करण्याची तयारी वाढली आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु खर्च करणे आणि लक्ष देणे यांत फरक आहे. येत्या ईदला शिंप्याकडे जाल तेव्हा त्याच दिवशी घरातील प्रत्येक मुलाचे आणि प्रत्येक मुलीचे बसण्याचेही माप घ्या. भिंतीवर पेन्सिलीने तारीख घालून लिहून ठेवा. दरवर्षी ईद येईल, दरवर्षी माप वाढलेले दिसेल. आणि 'तुमची मुलगी अभ्यासाला कोठे बसते?' असे कोणी विचारले, तर 'कुठेही' असे उत्तर आपल्या एकाही घरातून येऊ नये, एवढीच माझी विनंती आहे.