नोंदवहीतील एक रेल्वे कामगार



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी आपण चर्चच्या वेदीचे व घंटेचे कौतुक करीत आहोत. आम्ही आज आपले लक्ष कपाटातील जुन्या नोंदवह्यांकडे वेधू इच्छितो.

बोरघाटातील लोहमार्गाचे काम १८५६ साली सुरू झाले व १८६३ साली मार्ग खुला झाला. २५ बोगदे खोदले गेले. १८६१ साली तेथे सुमारे ४२,००० मजूर राबत होते. पटकीने व तापाने कित्येक दगावले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हे १८५९ साली वारले; त्यांचे नाव इतिहासात राहिले. मजुरांची मात्र संख्याच उरली.

पवित्र ख्रिस्तसभेची रीत निराळी. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली स्नानसंस्काराच्या व विवाहाच्या नोंदींचा नियम घातला. १६१४ सालच्या रोमन विधिग्रंथाने मृतांच्या नोंदवहीचीही आज्ञा केली. १९०८ पासून तर स्नानसंस्काराच्या नोंदीलगत समासात विवाहाचे टिपणही होऊ लागले. येथे धनिक व हमाल एकाच पानावर नांदतात.

काही वर्षांपूर्वी एक वृद्ध भगिनी आम्हांकडे आल्या. म्हणाल्या, “फादर, आमचे आजोबा रेल्वेत खलाशी होते. आजीला टाकून ते परागंदा झाले. घरात त्यांचे नावही कोणी काढीत नाही.” आम्ही वही उघडली. त्या नावाचे दोघे निघाले. आईबापांच्या व धर्ममातापित्यांच्या नावांवरून खरा कोण ते ठरले. समासातील टिपणाने वधूच्या गावचे चर्च दाखविले. थोरल्या मुलाचा स्नानसंस्कार येथे झाला होता, धाकटीचा मात्र घाटमाथ्यावरील एका रेल्वेच्या गावी. मुलांच्या नोंदी अशा ओळीने मांडल्या की बापाच्या बदल्या आपोआप उमगतात.

तेथील धर्मगुरूंस आम्ही पत्र धाडिले. उत्तरी मृतांच्या वहीतील एक नोंद आली: ऑक्टोबर १९१८, तेच नाव, तीच पत्नी, धंदा रेल्वेची नोकरी, अंत्यसंस्कार लाभले. तो इन्फ्लुएन्झाच्या साथीचा महिना होता. कुटुंब गावी परतले होते. मृत्यूची वार्ता घरी पोहोचलीच नाही.

त्या भगिनी बराच वेळ निःशब्द बसल्या. शंभर वर्षे ज्याला घर दोष देत होते, तो आपल्या कामावरच वारला होता. त्या नोव्हेंबरात मृतांच्या मिस्सासाठी त्याचे नाव प्रथमच देण्यात आले.

बंधुजनहो, आपल्या पेट्यांत जुने नोकरीचे दाखले, पत्रे, छायाचित्रे असतील, तर ती जपा. त्यांवर गाव व साल लिहून ठेवा. वडीलधाऱ्यांस आजच विचारा. आणि नोंद करविताना नाव व तारीख नीट सांगा. पुढे कोणाच्या अब्रूचा निवाडा त्या एका ओळीवर होईल, हे आज आम्हांस ठाऊक नाही.

देव आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.