पन्नीला भाव नाही

(वस्तीतल्या युवक मेळाव्यात केलेलं भाषण)



माझ्या अगोदरचे वक्ते क्रांतीवर बोलले. मी कचऱ्यावर बोलणार आहे. हसू नका. ज्या आईच्या जिवावर मी कॉलेजात गेलो ती कचरा वेचायची, आणि हे मी तीन वर्षं तिथं कुणाला सांगितलं नाही. आई दादर मार्केटात कामाला आहे, एवढंच सांगायचो. तसं खोटं नव्हतं.

गोवंडीहून पहाटेच्या गाडीनं, कुर्ल्याला बदलून दादर. तिथला फुलबाजार आणि भाजीबाजार उठला की खाली उरतो कोबीचा पाला, झेंडूचा चुराडा, सुतळ्या आणि पन्न्या. दोन रुपयांची कोथिंबीर पन्नीत, हार पन्नीत. गिऱ्हाईक ती घरी नेतं, दुसऱ्या दिवशी तिच्यातच खरकटं भरून, गाठ मारून फेकतं. निर्माल्यसुद्धा पन्नीत बांधून पुलावरून खाडीत. देवाला पन्नी चालते. आपण चालत नव्हतो.

आईला अक्षरओळख नव्हती, पण प्लॅस्टिक ती कानाजवळ चुरगाळून आवाजावरून ओळखायची. दुधाची पिशवी वेगळी, धुऊन वाळवून. पाण्याची बाटली वेगळी, बूच वेगळं. फुटकी बादली, मग, तो कडक माल. हे सगळं भंगारवाल्याच्या काट्यावर चढतं. पातळ पन्नी मात्र शेकड्यांनी वेचावी तेव्हा कुठं किलो भरते, त्यातही निम्मा चिखल. भंगारवाला पायानं बाजूला सारतो. वेफरच्या चकचकीत पाकिटात तर प्लॅस्टिकला ॲल्युमिनियमचा थर चिकटलेला, तो सोडवणं कुणाला परवडत नाही. म्हणजे ज्याला भाव आहे ते उचललं जातं, ज्याला नाही ते नाल्यात जातं. आणि नाला कुठून वाहतो? आपल्या दारातून. मग तुंबला की सांगतात, झोपडपट्टीवाले घाण करतात!

२६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. मिठी नदी भराव घालून आवळलेली होती, पण बोट उठलं ते पन्नीकडं. २३ जून २०१८ पासून राज्यात बंदीची अंमलबजावणी सुरू झाली. पहिल्या गुन्ह्याला दंड ५,००० रुपये. टोपली घेऊन बसणारीचा दिवसाचा गल्ला तरी तेवढा असतो का? आणि काही दिवसांतच किराणा दुकानातल्या पॅकिंगच्या जाड प्लॅस्टिकला सवलत मिळाली. १ जुलै २०२२ ला देशभर बंदी आली, स्ट्रॉ आणि चमच्यांवर. वेफरचं पाकीट त्या यादीत नव्हतं. कंपनीचं ते पॅकिंग, टोपलीवालीचा तो गुन्हा.

एकदा एका सोसायटीच्या गेटवर वॉचमननं आईला चोर म्हणून धरलं, गोणी रस्त्यावर उलटी केली. आतून दुधाच्या पिशव्या निघाल्या. वरून बघणाऱ्या बाईंनी नाकाला पदर लावला. पिशव्या त्यांच्याच घरच्या होत्या. वॉचमन आपल्यातलाच होता, हे सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

आता तुम्ही म्हणाल, बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला सांगितलं की मेलेल्या ढोराचं मांस टाका, मिंधेपण टाका. आणि हा कचऱ्याची मजुरी मागतोय! प्रश्न खरा आहे, मलाही छळतो. देवनारचं डम्पिंगही १९२७ पासूनचंच. एकाच साली आपल्याला चवदार तळंही मिळालं आणि उकिरडाही. माझं म्हणणं असं: हे काम सोडायचंच आहे, पण उपाशी मरून नाही. उद्या सगळा कचरा ठेकेदाराच्या बंद गाडीत गेला तर आपल्या बाया मुक्त होणार नाहीत, बेकार होतील. गाडीमागं लटकणारा पोरगा तरी कोण असेल? आपलाच. या कामाला पुरती मजुरी, हातमोजे, भरपगारी सुट्टी आणि पेन्शन लावा, मग कुठल्या कुठल्या जातीचे अर्ज येतात ते बघू.

पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. बहुसंख्य बाया दलित. २००८ पासून त्यांच्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेच्या बाया घराघरातून कचरा घेतात आणि घरटी महिन्याचे पैसे घेतात. उपकार म्हणून नाही, दर म्हणून. २०१६ च्या केंद्राच्या नियमांतही वेचकांची नोंदणी करा असं लिहिलं गेलं, आणि प्लॅस्टिक विकणाऱ्या कंपन्यांवर ते परत गोळा करण्याची जबाबदारी टाकली गेली. मग बिनभावाची पन्नी आणि पाकीट उचलायची मजुरी त्या कंपन्यांकडूनच वसूल झाली पाहिजे. 'पर्यावरणदूत' म्हणून शाल-नारळ नको, साला आपल्याला शालीचा काय उपयोग!

तर येत्या रविवारी आपण नाल्यावर जातोय. गोणी घेऊन नाही, वही घेऊन. कुठल्या कंपनीची किती पाकिटं, बाजारातली पन्नी किती, वरच्या इमारतींतून आलेलं किती, सगळं मोजायचं आणि तो कागद वॉर्ड ऑफिसच्या टेबलावर ठेवायचा. आईला विचारलं, येतेस का? म्हणाली, "येते. पण मी सांगन तेच लिव्हायचं. तुला कुठं पन्नी वळखता येती!"