ब्लेडवर वाजलेला रेडिओ

जानेवारी १९४४ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या फौजा इटलीत आंझिओच्या किनाऱ्यावर उतरल्या आणि पुढचे काही महिने तिथेच अडकून पडल्या. खंदकातल्या अमेरिकन सैनिकांनी हाताशी असेल त्यातून रेडिओ बनवले. दाढीचं ब्लेड, सेफ्टी पिन, शिसपेन्सिलीचा तुकडा, नळीवर गुंडाळलेली तांब्याची तार आणि हेडफोन. बॅटरी नाही, व्हॉल्व्ह नाही!

खरी करामत ब्लेडची. निळसर झाक असलेल्या ब्लेडवर ऑक्साइडचा पातळ थर असतो. त्यावर शिसाचं टोक हलकेच टेकवलं, की वीज एका दिशेनं सहज जाते, उलट दिशेनं जेमतेम. तेवढ्यानं रेडिओलहरीतला आवाज वेगळा होऊन हेडफोनमध्ये उमटतो. लागणारी ऊर्जा लहरींतूनच मिळते. ब्लेडवरची नेमकी जागा सापडायला मात्र चिकाटी हवी. टोक केसभर इकडे-तिकडे सरकवत राहायचं, आणि अचानक गाणं ऐकू येतं. हा आनंद विकतच्या रेडिओत नाही, असं मला मनापासून वाटतं.

एकाच दिशेनं वीज जाऊ देऊन रेडिओलहरी पकडण्याची ही वाट आपले शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस यांनी आधीच दाखवली होती. गॅलेनाचा स्फटिक वापरणाऱ्या त्यांच्या उपकरणाला १९०४ मध्ये अमेरिकेचं पेटंट मिळालं.

आज असा संच करायचा, तर ब्लेडऐवजी जर्मेनियम डायोड घ्या. मध्यम लहरींचं केंद्र जवळ हवं, एरियल लांब हवी. अर्थिंग जमिनीत रोवलेल्या लोखंडी कांबीला द्या. इअरफोन क्रिस्टलचा घ्या, मोबाइलचा चालत नाही. पावसाळ्यात ढग गडगडण्याआधीच एरियल सोडवून ठेवा.